नरो वा गिटारो वा

खोटं बोलू नये, हे मला लहानपणी आईनं शिकवलं, शाळेत मास्तरांनी शिकवलं आणि बँकेत लागल्यावर रिझर्व्ह बँकेनं परिपत्रकं काढून शिकवलं. पैकी आईची आणि मास्तरांची शिकवण काळाच्या ओघात जरा पातळ झाली. परिपत्रकांचं तसं होत नाही. ती नेमानं नवी येत राहतात. काउंटरवर खोटी नोट आली, तर ती गिऱ्हाइकाला परत करायची नाही. समोर मॅनेजरसाहेबांचे साडू असोत की माझे स्वतःचे सासरे, नोटेवर शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची आणि पावती द्यायची. पावतीवर त्यांची सही घ्यायची. त्यांनी सही करायला नकार दिला, तरीही पावती द्यायचीच. आपल्याकडे माणसाला न मागता मिळणारा हा एकमेव कागद असावा.

गेली वीस वर्षं मी हे काम इमानेइतबारे करतो आहे. पाचशेची नोट हातात आली की आपोआप तिरपी होते. आतला धागा हिरव्याचा निळा झाला पाहिजे. (आहेराच्या पाकिटातल्या नोटांनाही मी हे करतो, त्यामुळे नातेवाइकांत माझं नाव फारसं चांगलं नाही.) असा हा मी, गेल्या वर्षी डिसेंबरात एका कॉलेजच्या हॉलबाहेर आमच्या चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "झकास वाजवलंस रे!"

हे साफ खोटं होतं. त्यानं वाईट वाजवलं म्हणून नव्हे. त्यानं चांगलं वाजवलं की वाईट, हे मला ठाऊकच नव्हतं. पंचवीस मिनिटांत त्याच्या गिटारीचा एक सूर माझ्या कानापर्यंत पोचला असेल तर शपथ.

आता थोडी मागची शिल्लक पुढे ओढतो, म्हणजे खातं नीट वाचता येईल.

आमचे चिरंजीव मेटल वाजवतात. मेटल म्हणजे धातू, हे मला माहीत होतं. पण ते वाजवतात म्हणजे काय, हे कळायला काही महिने गेले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून धावत आली आणि मिक्सर बंद आहे हे पाहून परत गेली. या संगीताला म्हणे खरं तर मोठमोठे अ‍ॅम्प लागतात. आत तापलेल्या काचेच्या नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह, आणि खाली कपाटाएवढ्या पेटीत चार स्पीकर. डोंबिवलीच्या साडेचारशे चौरस फुटांत ही पेटी आली असती, पण मग आम्हाला बाहेर जावं लागलं असतं. म्हणून चिरंजीवांनी त्याऐवजी एक यंत्र मागितलं. पोळपाटाएवढा चपटा डबा. त्याचं नाव अ‍ॅम्प मॉडेलर. हा डबा गणित करून त्या खऱ्या अ‍ॅम्पची, त्याच्या पेटीची, इतकंच काय पेटीसमोर ठेवलेल्या माइकचीसुद्धा नक्कल करतो. किंमत माझ्या एका पगाराएवढी. जन्मभर लोकांना हप्ते समजावून सांगितले, तेव्हा एकदा स्वतः भरून पाहावेत म्हणून मी तो हप्त्यांवर घेतला.

पण मनातून मला तो डबा कधी पटला नाही. नक्कल म्हटली की माझा हात शिक्क्याकडे जातो. "म्हणजे हे सगळं खोटंच ना?" मी विचारलं.

"बाबा, खोटं कशाला? मॉडेलिंग आहे," चिरंजीव म्हणाले. (आम्ही वडिलांना 'अहो बाबा' म्हणत असू. हे मला 'अरे बाबा' म्हणतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच अर्थानं.) मग त्यानं मला सांगितलं की, मेटॅलिका नावाच्या त्याच्या आराध्यदैवतानं ८ डिसेंबर २०१३ रोजी चक्क अंटार्क्टिकावर कार्यक्रम केला. तिथल्या शांततेला धक्का लागू नये म्हणून स्पीकर मुळी लावलेच नाहीत; प्रेक्षकांनी हेडफोन घालून ऐकलं. आणि त्यांच्या गिटारी असल्याच यंत्रांतून वाजत होत्या. ज्यांच्या आवाजाची नक्कल करायला यंत्र निघालं, तेच ती नक्कल वाजवू लागले. रिझर्व्ह बँकेनंच खोट्या नोटा वापरायला काढल्यासारखं हे झालं. माझ्याकडे याला परिपत्रक नव्हतं.

शिवाय या संगीतात 'खरं' काय, हाही प्रश्नच आहे. त्यांचा तो खरखरीत आवाज म्हणजे मुळात अ‍ॅम्पचा बिघाड. झेपत नाही इतका सिग्नल आत कोंबला की अ‍ॅम्प घशाला कोरड पडल्यासारखा ओरडतो; लोकांना तेच आवडलं. किंक्स या इंग्रजी मंडळीतल्या डेव्ह डेव्हिस या पोरानं तर आपल्या छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडनं चिरला आणि त्यातून निघालेला फाटका आवाज १९६४ साली इंग्लंडभर गाजला. आमच्या लहानपणी कोणी स्पीकर फाडला असता तर वेगळंच काही गाजलं असतं. आणि ज्या टोनी आयोमीला या मेटलचा मूळपुरुष मानतात, तो बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. तीही तारा दाबायच्या हाताची. गड्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. १९७० साली ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड निघाली, आणि ज्याला तार जोरात दाबणं जमत नव्हतं त्याच्या हातून जगातलं सगळ्यात वजनदार संगीत सुरू झालं. ही हकीकत मला फार आवडते. सौ.ला सांगितली तर ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी कशाला गेला कामावर?"

असो. तर तो डिसेंबरचा कार्यक्रम. ढोलकरी, म्हणजे ड्रमवाला, ऐकू येत होता. बेस गिटारवाला कानापेक्षा छातीत ऐकू येत होता. गाणारा मुलगा कल्याण लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाचा पाय चेंगरल्यासारखा ऐकू येत होता. आमचे चिरंजीव मात्र मूकपटात काम करत होते. हात चाललेत, मान चालली आहे, केस चाललेत. आवाज म्हणाल तर मागून कुठूनतरी सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखी एक 'स्स्स'.

बाहेर आल्यावर घामेजलेला चेहरा घेऊन तो आमच्यासमोर उभा राहिला. "कसं वाजलं?" त्याच्या डोळ्यांत ते होतं, जे कर्जाचा अर्ज देऊन समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत असतं. मी ती खोटी नोट तिथल्या तिथे छापली आणि त्याच्या हातात दिली. सौ. माझ्यापेक्षा हुशार. ती म्हणाली, "सगळ्यांत तूच उठून दिसत होतास." हे शंभर टक्के खरं होतं. दिसत होता.

त्या रात्री मला धर्मराज आठवला. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना तो खोटं बोललाच नाही. अश्वत्थामा मेला, हे मोठ्यानं म्हणाला आणि माणूस की हत्ती कोण जाणे, हे हळूच. शंखांच्या गजरात ते बुडालं. आता एवढ्या अनुभवानंतर मला वाटतं, त्या माणसानं सत्य पूर्ण सांगितलं होतं, फक्त आवाजाची जुळणी चुकवली होती. आणि तेवढ्यासाठी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझा तर रथ नाही, स्कूटर आहे, आणि ती पहिल्यापासून टेकलेलीच आहे. पण त्या दिवसापासून मला उगाच तिचं चाक पंक्चर वाटू लागलं.

अप्रिय असेल ते सत्य बोलू नये, अशी आपल्या पूर्वजांनी सोय करून ठेवली आहे. उलट कांट नावाच्या एका जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९७ साली लेख लिहून ठरवून टाकलं की, खुनी माणूस दारात येऊन 'तुमचा मित्र घरात आहे का?' विचारत असला, तरी खोटं बोलणं चूकच. कांट जन्मभर अविवाहित होता, याचीही नोंद घ्यावी. मी दोघांच्या मधोमध उभा होतो. माया म्हणून बोललेलं खोटं कुणाचं काय बिघडवतं? पोराला बरं वाटलं, मला बरं वाटलं, व्यवहार पुरा झाला. काउंटरवरची गोष्ट निराळी, घरातली निराळी. असं मी स्वतःला दोन महिने सांगितलं.

फेब्रुवारीत त्या कॉलेजला ज्यांनी ध्वनिव्यवस्था पुरवली होती ते साउंडवाले आमच्या शाखेत रोकड भरायला आले. गणपतीपासून लग्नापर्यंत आणि ऑर्केस्ट्रापासून नाटकापर्यंत सगळीकडे यांचेच कर्णे. मी गड्डी मोजू लागलो, आणि एक पाचशेची नोट हातात तिरपी झाली ती निळी व्हायलाच तयार होईना. मी शिक्का मारला. पावती लिहिली. साउंडवाल्यांनी एक शब्द न बोलता सही केली. मला ओशाळल्यासारखं झालं म्हणून विषय बदलायला मी म्हटलं, "डिसेंबरात तुमच्याच माइकवर आमचा मुलगा वाजवून गेला. गिटार."

"तिसरा बँड? लांब केसवाला?" त्यांनी आठवून पाहिलं. "साहेब, त्या पोराची गिटार माझ्याकडे आलीच नाही. नुसता फेस येत होता. बिअरचा ग्लास भरावा आणि हातात फेसच यावा तसा. मी किती वर चढवला, फेसच वर आला." मग पावतीची नीट घडी घालत म्हणाले, "तुम्ही समोरच बसला होतात की. त्याला सांगितलं असेलच."

हिशेब फिटला. त्यांची नोट मी धरली, माझी त्यांनी.

त्या संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकलं. "त्या दिवशी मला तू ऐकूच आला नव्हतास."

चिरंजीवांचा घास हातात राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "बाबा, मग आम्ही बेसवाल्याला काढतोय त्याचं काय?"

झालं होतं असं. कार्यक्रमानंतर बँडमधली पोरंही म्हणाली होती की, गिटार ऐकू येत नाही. यानं छाती ठोकून सांगितलं, माझ्या बाबांना स्पष्ट ऐकू आली. बाबा असं खोटं सांगणार नाहीत, बँकेत आहेत. मग दोष कुणाचा? बेसवाला सगळं झाकून टाकतो. त्याला आवाज कमी करायला लावला, त्यानं केला. आणखी कमी करायला लावला, तेव्हा तो चिडला. दोन महिने बोलणं बंद. पाचवीपासूनचा मित्र. रविवारी त्याला शेवटचं सांगायचं ठरलं होतं.

खोटी नोट अशीच फिरते. छापणारा आपल्या घरी सुखात असतो आणि ती सापडते चौथ्याच कुणाच्या हातात. हे मला वीस वर्षं माहीत होतं. घरात लागू करून पाहिलं नव्हतं, इतकंच.

रविवारी बेसवाल्याला सांगायचं ते राहिलं. त्याऐवजी सगळ्यांना तालमीच्या गॅरेजमध्ये बोलावलं आणि मी साउंडवाल्यांना हातापाया पडून आणलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण फरक शोधणं हा माझा धंदा आहे. हिशेब जुळत नसला की आधी बेरीज पुन्हा करायची. फरकाला नऊनं भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक. म्हणून मी अनुभवी चेहऱ्यानं पहिला सल्ला दिला, "सेल बदलून पाहा." पोरं हसली. साउंडवाले हसले नाहीत. काही गिटारींत खरंच नऊ व्होल्टचा सेल असतो आणि तो मरायला आला की आवाज असाच मरतो, असं ते म्हणाले. आमच्या गिटारीत नव्हता, पण माझी पत राहिली.

मग त्यांनी विचारलं, "हे त्या दिवशी कुठे जोडलं होतंस?"

"हॉलवाल्यांच्या अ‍ॅम्पला. समोरच्या भोकात."

साउंडवाल्यांनी कपाळाला हात लावला. म्हणजे डब्यानं अ‍ॅम्पची आणि पेटीची नक्कल करून दिली. ती पुन्हा खऱ्या अ‍ॅम्पमधून, खऱ्या पेटीतून गेली. झेरॉक्सची झेरॉक्स. आमच्याकडे असा रेशनकार्डाचा कागद आला तर फोटोतला माणूस आहे की बाई कळत नाही. तो डबा सरळ मिक्सरला जोडायचा, किंवा अ‍ॅम्पला जोडायचाच तर मागच्या 'रिटर्न' भोकात, आणि डब्यातली पेटीची नक्कल बंद करून. एवढं केल्यावर फेस निम्मा बसला. निम्मा राहिला.

त्या निम्म्यात खरी गंमत होती. डब्यावर 'गेन' नावाचं बटण असतं. खरखर किती हवी ते ठरवणारं. चिरंजीवांनी ते दहापैकी दहावर ठेवलं होतं. का? तर आवाज कमजोर वाटतो म्हणून. साउंडवाल्यांनी ते साडेचारवर आणलं. पोरं किंचाळली. साउंडवाले म्हणाले, "वाजव." आणि गॅरेजचं शटर हादरलं.

हे मला कळेना. कमी केल्यावर वाढलं कसं? तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. गेन म्हणजे सिग्नल इतका फुगवायचा की त्याची टोकं छाटली जावीत. टोकं छाटली की हळू वाजवलेला सूर आणि जोरात वाजवलेला सूर एकाच उंचीचे होतात. आमच्यातल्या वेतनकरारासारखं: राबणारा आणि चहा पिणारा एकाच रकान्यात. मग तारेवर पिक आदळल्याचा जो 'खट्' असतो, ज्याच्यामुळे ऐकणाऱ्याला मार बसल्यासारखं वाटतं, तो मुळी उरतच नाही. सगळाच मार, म्हणजे मारच नाही. आणि एवढ्या गेनमुळे जी घरघर येते ती थोपवायला पोरानं 'नॉइज गेट' नावाचा दरवाजा इतका घट्ट लावला होता की, चोराबरोबर घरची माणसंही बाहेर राहत होती. सूर पुरता व्हायच्या आत कापला जाई.

"मग सगळे दहावर का ठेवतात?" मी विचारलं.

साउंडवाल्यांनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीव जमिनीकडे पाहत म्हणाले, "गेन जास्त असला की चुका कळत नाहीत."

हे ऐकून मी जरा वेळ गप्प बसलो. बँकेत, घरात, लग्नाच्या बैठकीत मी ज्यांना ज्यांना मोठ्यानं बोलताना पाहिलं ते सगळे डोळ्यांसमोरून गेले. त्यात दोनतीनदा मीही होतो.

पुढे सुरांची वाटणी निघाली. बेस म्हणजे खालचे जाड सूर, ट्रेबल म्हणजे वरचे टोकदार आणि मधले ते मिड. चिरंजीवांनी बेस भरपूर, ट्रेबल भरपूर आणि मिड शून्य ठेवले होते. रात्री अकरानंतर शेजाऱ्यांच्या भीतीनं अगदी हळू आवाजात हे जुळवलेलं. त्यालाही कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की, आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून माणूस ते वाढवत जातो. मग तेच हॉलमध्ये मोठ्यानं लावलं की, वाढवलेलं सगळं अंगावर येतं आणि मधलं, जे ठेवलंच नव्हतं, ते नसतंच. शिवाय खाली बेसवाला बसलेला आणि वर झांजा. गिटारीची जाड तार सेकंदाला ब्याऐंशी वेळा थरथरते; बेस गिटारीची बरोबर तिच्या निम्म्यानं, एक्केचाळीस. आमचे चिरंजीव तिसऱ्याच्या घरात जाऊन त्याच्याशी भांडत होते, आणि स्वतःची खोली रिकामी.

मिड कापायचे, ही या लोकांची जुनी खोड आहे म्हणे. खोलीत एकट्यानं वाजवताना मिड कापलेला आवाज फार रुबाबदार लागतो; वर चमकदार, खाली दणदणीत. मिड स्वतः ऐकायला सुंदर नसतात. थोडे नाकातले, थोडे कुरकुरे. पण माणसाला गिटार म्हणून जे ऐकू येतं ते तेच. वाचकहो, मला इथे भरून आलं. वरच्यांना वाढवा, खालच्यांना वाढवा, आणि मधल्याला कापा. तो कुरकुरेल, पण सगळा गाडा त्याच्यावरच चालतो. अर्थसंकल्पाच्या दिवशी मी जे दरवर्षी ऐकतो ते एका मेटल बँडच्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी हात वर करून म्हणालो, "मिड वाढवा!" या घोषणेला गॅरेजमध्ये पाठिंबा मिळाला.

साउंडवाल्यांनी शंभराच्या खालचे सूर कापले, सातेक हजारांच्या वरचे कापले. खऱ्या गिटारीच्या पेटीतला स्पीकर पाच हजारांच्या वर तसाही फारसं बोलत नाही, आणि तो फेस तिथलाच. मग डब्यात एका हिरव्या पेडलची नक्कल होती, ट्यूब स्क्रीमर नावाची, ती अ‍ॅम्पच्या आधी लावली. तिची स्वतःची खरखर शून्यावर आणि आवाज पूर्ण. ती खरखर व्हायच्या आधीच खालचे सूर बारीक करते आणि मधले पुढे ढकलते. "नंतर कापलं तर नाही का चालणार?" ड्रमवाल्यानं विचारलं. त्याचं उत्तर योगायोगानं सौ.नं दिलं. ती पोह्यांचा डबा घेऊन आली होती. "भेंडी आधी पुसून घ्यायची आणि मग चिरायची. चिरल्यावर कितीही पुसा, तार सुटतेच." साउंडवाले म्हणाले, "वहिनी, अगदी बरोबर."

एकच गोष्ट जमण्यासारखी नव्हती. "तरी रेकॉर्डसारखं येत नाही," चिरंजीव म्हणाले. ते यायचंच नव्हतं. रेकॉर्डवर गिटारवाला तोच भाग दोनदा, कधी चारदा वाजवतो आणि एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला ठेवतो. चौघांशी एकट्यानं बरोबरी करून स्वतःला कमजोर म्हणवून घेत होता बिचारा.

हे सगळं होईपर्यंत बेसवाला कोपऱ्यात तारा पुशीत बसला होता. चिरंजीव त्याच्याजवळ गेले. मेटॅलिकाची १९८८ सालची एक रेकॉर्ड आहे, तिच्यात बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्याबद्दल लोक अजून हळहळतात. यानं त्या रेकॉर्डचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटलं. बेसवाला म्हणाला, "तुझ्या बाबांना ऐकू येत होतं ना?" आता माझी पाळी होती. मी उभा राहिलो आणि चार पोरांसमोर, साउंडवाल्यांसमोर, हातात पोह्यांची बशी धरून सांगितलं की, येत नव्हतं. मी तसंच म्हटलं होतं. इतक्या माणसांसमोर मी यापूर्वी फक्त निवृत्तिसमारंभात बोललो आहे, आणि तिथे खरं बोलायची पद्धत नाही.

बेसवाल्यानं बशीकडे पाहिलं आणि विचारलं, "पोहे आहेत का अजून?"

मार्च सरता सरता त्याच कॉलेजात पुन्हा कार्यक्रम झाला. (मार्चअखेर सोडून मी आलो, हा त्याग इथे मुद्दाम नमूद करतो.) डबा मिक्सरला जोडलेला. पहिलाच घाव पडला आणि समोरच्या रांगेतले एक प्राध्यापक खुर्चीसकट मागे सरकले. गिटार ऐकू येत होती. नुसती ऐकू नाही, बेसच्या खांद्यावर हात टाकून चालत होती. मला संगीत आवडलं असं म्हणणं ही दुसरी खोटी नोट होईल. पण पोरगा कुठे आहे हे डोळे मिटूनही कळत होतं.

आणि आणखीही काही कळत होतं. तिसऱ्या गाण्यात एके ठिकाणी तो ताल सोडून पुढे पळाला. शेवटी एक सूर भलत्याच ठिकाणी पडला आणि उघड्यावर पडला. झाकायला फेस नव्हता.

बाहेर आलो. तोच घामेजलेला चेहरा, तेच डोळे. "कसं वाजलं?"

सौ.नं मला कोपरानं ढोसलं. या ढोसण्याचा अर्थ लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मला नक्की लागत नाही. मी घसा साफ केला.

"तिसऱ्या गाण्यात मधे ताल सुटला तुझा. आणि शेवटी सूर चुकलास."

तो बघतच राहिला. "तुला कळलं?"

"स्पष्ट."

तो गर्रकन वळला आणि वायरी गुंडाळत असलेल्या बेसवाल्याकडे पळत सुटला. अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता, "अरे, बाबांना माझ्या चुका ऐकू आल्या!"